दत्तक म्हणून परदेशात वाढलात आणि आता आपली माणसं शोधताय? मग आधी हे वाचा

हे कोणासाठी आहे ते पहिल्यांदा सांगते. तुमचा जन्म पुण्यात, मुंबईत, पंढरपुरात, नागपुरात असा कुठेतरी झाला, मग दोन महिन्यांचे असताना नाहीतर चांगले पाच-सहा वर्षांचे असताना कुणीतरी तुम्हाला विमानात बसवलं, हॉलंड, स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका, जिथे कुठे गेलात तिथे गोऱ्या आईबाबांच्या घरात वाढलात, आणि आता तिशी-चाळिशीत डोक्यात काहीतरी वळवळायला लागलंय. लहानपणची थोडी मराठी उरली असेल किंवा मोठेपणी शिकला असाल तर स्वतः वाचा. नसेल येत तर कुणी मराठी मित्र, बायको, ऑफिसातली कलीग वाचून दाखवत असेल, त्या वाचणाऱ्यालाही नमस्कार, मधेमधे तुझ्यासाठीपण लिहिलंय.

मी स्वतः दत्तक नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मी पुण्याची, लग्न होऊन हॉलंडला आले त्याला चौदा वर्षं झाली. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण १९८३ साली पुण्यातून इकडे आली, तेव्हा ती चार महिन्यांची होती. तिची दत्तकाची जुनी फाईल वाचून द्यायला म्हणून मी तिच्या, म्हणजे इथे दत्तक आलेल्यांच्या, ग्रुपमध्ये गेले, एका रविवारपुरती, आणि आता नऊ वर्षं झाली तिथेच आहे, चहा करते, कागद वाचते, फोन लावून देते. त्यामुळे खाली जे आहे ते बाजूला बसून पाहिलेलं आहे.

ग्रुपमध्ये नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो, मला माझी आई शोधायचीय. आणि माझं मत असं बनलंय की आईपासून सुरुवात करू नका. आधी माणसं गोळा करा, मग कागद, आणि आई त्यानंतर, जमलं तर. उलट्या क्रमाने गेलेले लोक मी पाहिलेत. एक जण दहा दिवसांची रजा काढून थेट पुण्याला गेला, कुणाला काही न सांगता, ज्या संस्थेतून तो दत्तक गेला तिथे दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की नोंद सापडत नाही, आणि उरलेले आठ दिवस तो स्टेशनजवळच्या लॉजवर एकटा पंख्याकडे बघत पडून होता. फोन करायला कोणी नव्हतं असं नाही, आईबाबा होते की हॉलंडमध्ये, पण त्यांना काय सांगणार, तुम्ही मला मिळालात पण मला अजून कुणीतरी हवंय?

पहिली पायरी, आपल्यासारखी माणसं

मूल एका रंगाचं आणि आईबाप दुसऱ्या रंगाचे, असं दत्तक गेलेले जगात भरपूर आहेत आणि ते एकमेकांना शोधून काढतात. कोरियातून गेलेली मुलं यात सगळ्यांची थोरली भावंडं म्हणायला हवीत, त्यांचं जाणं १९५०च्या दशकात सुरू झालं, मोठी झाल्यावर १९९८ मध्ये त्यांनी सोलमध्येच गोल नावाची स्वतःची संस्था काढली, आणि १९९९ मध्ये वॉशिंग्टनला सुमारे ४०० जण पहिल्यांदा एका ठिकाणी जमले. त्याच १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात लिनेल लाँग या व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या बाईंनी इंटरकंट्री अ‍ॅडॉप्टी व्हॉइसेस सुरू केलं, त्यात सगळ्या देशांमधून गेलेले लोक आहेत. भारतातून गेलेल्यांचे बहुतेक ग्रुप फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, देशादेशाचे वेगळे, छोटे, बंद दाराचे. सर्च करताना आपल्या देशाचं नाव, भारत आणि तिथल्या भाषेतला दत्तकसाठीचा शब्द टाका, बहुतेक वेळा सापडतात.

दोन प्रकारचे ग्रुप असतात आणि हा फरक नवीन माणसाला कोणी सांगत नाही. एकात फक्त दत्तक गेलेले लोक असतात. दुसऱ्यात दत्तक घेतलेले आईबाप, सोशल वर्कर, संस्थावाले सगळे असतात. सुरुवात पहिल्या प्रकारातून करा. दुसऱ्यात तुम्ही काही कडू लिहिलंत की पाच मिनिटांत कुणाची तरी आई येते आणि लिहिते, आम्ही तर आमच्या मुलीला खूप प्रेमाने वाढवलंय, आणि मग अख्खी चर्चा त्या बाईंना समजावण्यात जाते. प्रेमाने वाढवलं असणारच, मुद्दा तो नसतोच.

आत गेल्यावर महिनाभर नुसतं वाचा. काही दिवशी वाटेल की ही सगळी माणसं फार चिडलेली आहेत, माझं असं काही नाही, माझं बालपण छान गेलं. वाटू दे. माझ्या मैत्रिणीला पण असंच वाटलं होतं, ती दोनदा ग्रुप सोडून गेली आणि तिसऱ्यांदा परत आली तेव्हा सगळ्यात जास्त चिडलेली तीच होती. आता ती निवळलीये. पहिली पोस्ट टाकाल तेव्हा जन्मतारीख, संस्थेचं नाव, फाईलचा फोटो असं काही टाकू नका, कोणत्या साली कोणत्या शहरातून कुठे आलो एवढं पुरे. शोधून देतो म्हणून पैसे मागणारे मेसेज लगेच येतात, विश्वास बसणार नाही इतके लगेच.

दुसरी पायरी, प्रत्यक्ष भेटा

हे मोबाईलवर होत नाही. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी जमतात, आठ-दहा जण, प्रत्येक जण काहीतरी खायचं घेऊन येतो. पहिल्यांदा जाताना पोटात गोळा येतो असं सगळेच सांगतात. एक जण तर गाडी लावून अर्धा तास आतच बसला होता, मग सिगरेट ओढायला बाहेर आलेल्या दुसऱ्या एकाने काचेवर टकटक केलं.

एक प्रसंग सांगते, म्हणजे तिथे काय होतं ते कळेल. तीनेक वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही जमलो होतो आणि मैत्रीण केसांना वैतागली होती, हीटरने नुसता झाडू झाला होता. मी सहज म्हटलं बस खाली, तेल लावून देते. पॅराशूटची बाटली थंडीने पांढरी घट्ट झाली होती ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली, तिला जमिनीवर बसवलं, मी सोफ्यावर, आणि आपल्याकडे आजी लावते तसं मधोमध भांग पाडून टाळूवर थापायला लागले. बोलणं हळूहळू थांबलं. मग एकीने विचारलं, माझं झाल्यावर, आय मीन तिचं झाल्यावर, माझं पण करशील? आणि रांगच लागली हो, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे बापे पण रांगेत. एका बाईने सांगितलं की लहानपणी तिचे केस तिच्या आईला विंचरताच यायचे नाहीत, गुंता व्हायचा, म्हणून दर उन्हाळ्यात मुलासारखे कापून टाकायचे. आई वाईट नव्हती, तिला माहीतच नव्हतं आणि विचारायला गावात दुसरं कोणी काळ्या केसांचं नव्हतं. त्या दिवशी कोणी आईचा शोध, डीएनए, काही बोललं नाही, बाटली संपली तेव्हा घरी गेले सगळे.

आपण कोण आहोत हे समजावून न सांगता जिथे बसता येतं ती जागा ही. गोऱ्या गावात आपण परके दिसतो आणि पुण्यात रिक्षावाला मराठीत बोलतो तेव्हा तोंड उघडलं की परके ठरतो, या दोन्ही गोष्टींवर तिथे जोक होतात, आणि ते जोक बाहेर कोणाला सांगून चालत नाहीत.

मराठी मंडळात जावं का?

जा, पण दुसऱ्या पायरीनंतर जा, आणि कुणाला तरी बरोबर घेऊन. गणपती, दिवाळी, संक्रांत असे कार्यक्रम जवळपास प्रत्येक मोठ्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात असतात, तिकीट काढलं की कोणीही जाऊ शकतं. आमची लोकं प्रेमळ आहेत, ताट भरून वाढतील, पण पहिला प्रश्न येणार, आडनाव काय? दुसरा, गाव कुठलं? आम्ही हे दोन प्रश्न श्वास घेतल्यासारखे विचारतो, त्यातून समोरच्याची जात, घराणं, कुणाची कोण असं सगळं डोक्यात मांडून ठेवतो आणि आपण असं काही करतोय हे आम्हाला कळत पण नाही. पहिल्या दिवाळीला मैत्रीण त्या प्रश्नावर अशी उभी राहिली जशी परीक्षेत पाटी कोरी. आता तिचं उत्तर तयार असतं, "आडनाव डच, गाव शोधतेय, चकली कुठेय?" तुम्हीही एक उत्तर घरून तयार करून न्या, खरं सांगायचं की टाळायचं ते तुम्ही ठरवा, दोन्ही चालतं.

आता वाचून दाखवणाऱ्या मराठी मित्रा, तुझ्यासाठी. "किती नशीबवान आहेस" म्हणू नकोस. "तिथे राहिली असतीस तर काय झालं असतं" हे तर अजिबात नको. लिसा स्थळेकरची गोष्ट पण सांगू नकोस, म्हणजे पुण्यात १९७९ मध्ये जन्मली, श्रीवत्स या संस्थेतून दत्तक गेली, ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट टीमची कॅप्टन झाली वगैरे, गोष्ट खरी आहे आणि छान आहे, पण माझ्या मैत्रिणीने ती आजवर अकरा वेळा ऐकलीये आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ होतो की बघ, तुझंही भलंच झालं. आणि यशोदा. आपण कुणाच्या दत्तक असण्याचा विषय निघाला की लगेच यशोदा काढतो. मी एकदा यशोदेऐवजी कर्णाची गोष्ट सांगितली तिला, राधेय, कुंती, सगळं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, म्हणजे त्याला जन्माचं खरं युद्धाच्या तोंडावर सांगितलं, आणि ते पण त्याला हवं होतं म्हणून नाही, त्यांना काहीतरी हवं होतं म्हणून? लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, मला कधी असं दिसलंच नव्हतं.

तिसरी पायरी, कागद

कागदांची सुरुवात पुण्यात करू नका, आईबाबांच्या माळ्यावर करा. तिथे बहुतेक वेळा एक फोल्डर असतोच. त्यात काय बघायचं तर जुना भारतीय पासपोर्ट, ज्यावर तुम्ही प्रवास केलात. हा जपून ठेवा, कारण पूर्वी भारतीय नागरिक असल्याचा हा पुरावा आहे आणि पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढायचं असेल तर तो लागतो. मग कोर्टाची ऑर्डर. त्यावर दत्तक असा शब्द नसेल तर घाबरू नका. हिंदू दत्तक कायदा १९५६चा आहे पण तो परदेशी ख्रिश्चन जोडप्यांना लागू नव्हता, म्हणून त्या काळात परदेशी लोकांना १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टातून नुसतं पालकत्व मिळायचं, दत्तकविधान पूर्ण व्हायचं ते तिकडे जाऊन. म्हणजे केसचा नंबर त्या ऑर्डरवर असतो आणि रेकॉर्ड कोर्टात शोधता येतं, पुण्याचं असेल तर जिल्हा न्यायालयात, मुंबईचं असेल तर हायकोर्टात. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, त्यानंतरच्या फाईल्स जरा भरलेल्या असतात, मुलाचा अहवाल, छाननी वगैरे. त्याआधीच्या कधीकधी दोन पानी.

एकाच फाईलच्या कॉप्या अनेक ठिकाणी असतात हे लक्षात ठेवा, भारतातली संस्था, कोर्ट, तुमच्या देशातली एजन्सी, तिथलं सरकार. एकीकडे नाही म्हणाले की दुसरीकडे मागा. हॉलंडमध्ये यासाठी इनेया (INEA) नावाचं केंद्र आहे, ते मदत करतं. भारतात अधिकृत रस्ता म्हणजे कारा, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. त्यांच्या पोर्टलवर मूळ शोधासाठी ऑनलाईन अर्ज करता येतो, वय १८च्या वर असेल तर तुम्ही एकट्याने, त्याखाली असेल तर आईबाबांबरोबर. नियम असा आहे की तुमच्या वतीने तिसऱ्या कोणाला शोध करता येत नाही, आणि जन्मदात्या आईवडिलांच्या खासगीपणाला तुमच्या हक्काने धक्का लागता कामा नये. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोणीतरी सुचवेल, पण तो फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, ओसीआयवर चालत नाही.

आणि मूळ मराठी कागद मागा, नुसतं इंग्रजी भाषांतर नको. हे मी हजार वेळा सांगते. मैत्रिणीच्या फाईलमध्ये इंग्रजीत तीन ओळी होत्या, मुलगी, वजन, तब्येत सर्वसाधारण. बरोबर निळ्या शाईतलं एक मराठी पान होतं, झेरॉक्सची झेरॉक्स, कडेची अक्षरं कापली गेलेली. तिने ते चौतीस वर्षं सांभाळलं होतं आणि त्यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. मी पहिल्या रविवारी ते वाचलं. कुणीतरी आयाबाईने किंवा नर्सने लिहिलं होतं, दूध नीट पिते, उजव्या कानामागे पुरळ, औषध लावले, रात्री मांडीवर घेतल्याशिवाय झोपत नाही. मी भाषांतर करून दिलं. मांडीसाठी डचमध्ये शब्द आहे तसा, पण मांडीवर घेऊन झोपवणं म्हणजे नक्की कसं, पाय कसा हलवायचा, ते मला जमिनीवर बसून करून दाखवावं लागलं. तिने तेवढंच विचारलं, म्हणजे रोज रात्री कोणीतरी घेत होतं?

कागद खोटे पण असू शकतात, याची तयारी ठेवा. पुण्यातल्या एका संस्थेवर २०१० मध्ये सीबीआयने गुन्हा दाखल केला होता. २०२१ मध्ये डच सरकारच्या समितीने परदेशी दत्तकांमधले जुने गैरप्रकार मांडले, सरकारने माफी मागितली आणि दत्तक थांबवलं, ते २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं, मग २०२४ मध्ये हळूहळू बंदच करायचं ठरलं. डेन्मार्कमध्ये २०२४ च्या सुरुवातीला एकुलत्या एक एजन्सीने काम बंद केलं. अशा बातम्या आल्या की ग्रुपमध्ये दोन-तीन आठवडे कोणालाच झोप नसते, कारण प्रत्येकाला वाटतं मग माझं काय, मला दिलं होतं की उचललं होतं. त्या आठवड्यांत एकटे राहू नका, म्हणून तर म्हटलं आधी माणसं.

मन

हा भाग छोटा लिहितेय कारण यात मी तज्ज्ञ नाही. थेरपिस्ट बघताना पहिल्याच फोनवर विचारा, दत्तक गेलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का? "मुलांबरोबर केलंय" म्हणाले तर पुढचा नंबर फिरवा. २००२ मध्ये स्वीडनच्या नोंदींवरून निघालेल्या एका मोठ्या अभ्यासात परदेशातून दत्तक आलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसलं होतं, त्यामुळे कुणी रात्री दोन वाजता ग्रुपवर "थकलोय" एवढंच लिहिलं तरी आमच्याकडे कोणीतरी फोन करतंच. हॉलंडमध्ये ११३, अमेरिकेत ९८८, स्वीडनमध्ये ९०१०१, आणि भारतात असताना टेलि-मानस १४४१६, हे असा विचार आला तर फोन करायचे मदतीचे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, लागू नयेत पण असू देत.

आईबाबांना सांगायचं का? बहुतेक जण ते जाईपर्यंत थांबतात आणि मग माळ्यावरचा फोल्डर सापडत नाही. माझं मत, सांगा, पण परवानगी मागू नका.

आणि मग महाराष्ट्र

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, किमान तीन आठवडे, आणि पहिल्या वेळी शोध अजिबात नको. नुसतं जा. लक्ष्मी रोडला गर्दीत उभं राहून बघा की कोणी वळून बघत नाही, हे पहिल्यांदा होतं तेव्हा बरेच जण रडतात. मिसळ खा, तिखट झेपणार नाही, लाज वाटेल, वाटू दे. संस्थेत जायचं असेल तर दोन-तीन महिने आधी लिहून वेळ घ्या, अचानक गेलात तर वॉचमनच्या पुढे जाता येणार नाही. पुण्या-मुंबईतल्या जुन्या संस्थांना अशा भेटींची सवय आहे, आणि पंढरपूरचा आश्रम तर १८७५ पासूनचा आहे.

खरा शोध दुसऱ्या फेरीला, आणि तो सोशल वर्करमार्फत. स्वतः उठून गावात जाऊन घराघरात फोटो दाखवू नका. त्या बाईचं नंतर लग्न झालं असेल, नवऱ्याला, सासरच्यांना, मुलांना काही माहीत नसेल, आणि एक परदेशी कपड्यातली मुलगी तिच्याच तोंडवळ्याची दारात उभी राहिली तर गावाला दहा मिनिटं पुरतात. टीव्हीवाले, पेपरवाले मदत करतो म्हणतील, नको. कुणी सापडलंच आणि मीच आई म्हणालं, तर रडून झाल्यावर डीएनए टेस्ट करा, त्याआधी नात्यात पैसे आणू नका. घरबसल्याच्या डीएनए किटमध्ये आपल्याकडच्या लोकांचे नमुने कमी आहेत, त्यामुळे जवळचं कोणी लगेच सापडेल असं धरू नका, पण लांबचे मामे-चुलत कधीकधी अमेरिकेतून निघतात, आणि एका कंपनीचा रॉ डेटा, म्हणजे तुमच्या टेस्टची मूळ फाईल, दुसरीकडे अपलोड करता येतो.

मैत्रीण दोनदा जाऊन आलीये. आई सापडलेली नाही. तिसऱ्यांदा या डिसेंबरात चाललीये, ग्रुपमधले अजून चौघं बरोबर आहेत, त्यातले दोघं पहिल्यांदाच जाताहेत, आणि मला यादी आलीये ती अशी, डासांचं मलम, सुट्टे पैसे कसे ओळखायचे, साडी कोण नेसवून देईल, आणि परत येताना खोबरेल तेल किती लिटर आणता येतं.